शेवंता सिस्टर आणि भिंतीतलं पाणी

शेवंता सिस्टर कुणाचाही हात हातात घ्यायच्या तो नाडी बघायला. बारशाला गेल्या तरी तेच, लग्नात नवरीला आहेर द्यायला गेल्या तरी तेच. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायला आल्या त्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर कपबशी बाजूला ठेवून त्यांनी आधी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत ओठ हलवले आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय तुमच्यात. शाळेत शिकवता का?"

मी हो म्हटलं.

"तरीच. वरडून वरडून आटलंय." मग चहा प्यायल्या आणि त्यात साखर जास्त असल्याचंही सांगून टाकलं. आभार वगैरे मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण अजूनही कुणी माझा हात धरला की मी आपोआप गप्प उभी राहते.

सिस्टर कवठे महांकाळच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. आमची इमारत सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला. नदीचं पाणी पुरातसुद्धा इथवर येत नाही, या एका गुणावर आम्ही सगळ्यांनी इथं घरं घेतलेली. सिस्टर मात्र इमारतीकडे वॉर्ड म्हणूनच बघायच्या. प्रत्येक घराला त्यांनी बेड ठरवून दिले होते. आमचे हे म्हणजे 'बीपीचा बेड', वरच्या मजल्यावरची नवीन सून म्हणजे 'लेबर रूम', आणि त्यांच्या बरोबर खाली राहणारे हळदीचे अडते भाऊसाहेब म्हणजे 'गॅसेसचा बेड'. स्वतःच्या नवऱ्याबद्दल विचारलं तर एवढंच सांगायच्या, "त्यानं कवाच डिस्चार्ज घेतला." मेला की सोडून गेला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

दिवसातून दोनदा दारात उभं राहून मिश्री लावायच्या, आणि लावता लावता तंबाखूचे दुष्परिणाम येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. जीभ फार तिखट होती. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, एकदा तर इमारतीत मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही त्यांनी हात धुवायला लावलं होतं. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे एक वाक्य होतं: "लाजायचं न्हाई, सांगायचं." लोक लाजेपायी आजार लपवतात आणि मरतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्या काहीही, कुठंही विचारायच्या. आमच्या ह्यांना त्यांनी भर जिन्यात, दूधवाला ऐकत असताना विचारलं होतं, "काय साहेब, मोशन झालं का आज?" तेव्हापासून जिन्यात त्यांची चाहूल लागली की हे पळत घरात यायचे.

फ्लॅटचा ताबा मिळाला की लोक ओटा, देवघर, टीव्हीची भिंत यांत जीव ओततात. सिस्टरांनी तो संडासात ओतला. घरी आलेल्या माणसाला त्या आधी तो दाखवायच्या. बैठकीत शेल्फावर बुद्धाची पांढरी मूर्ती होती, तिला नमस्कार झाला की लगेच पाहुण्याला दंडाला धरून तिकडे. छतापर्यंत पांढऱ्या फरश्या, मोठी खिडकी, उठताबसता धरायला दांडा, आणि जमिनीला न टेकता भिंतीतूनच बाहेर आलेला कमोड. फ्लशची टाकी भिंतीच्या आत. बाहेर दिसायची ती फक्त दोन बटणांची एक पाटी.

"टाकी दिसत न्हाई, पाईप दिसत न्हाई," त्या बटण दाबून दाखवायच्या. "नुसतं बोट लावायचं. राणीवानी."

त्या पाटीभोवतीची बारीक फट मात्र त्यांना खपली नव्हती. फटीतून झुरळं येतात. मग गवंड्याला उभं करून त्यांनी ती पांढऱ्या सिमेंटनं पक्की बुजवून घेतली. ती पाटी काढण्यासाठीच असते, आतल्या टाकीपर्यंत हात पोचायची तेवढी एकच वाट असते, हे ना त्यांना माहीत होतं ना त्या गवंड्याला.

संडासाचं हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा सोलता सोलता. त्यांचं माहेर आष्ट्याचं. त्यांच्या वस्तीतल्या बायका पहाटे उसाच्या बांधाआड जायच्या. शेताच्या मालकाला ते खपेना. त्यानं वाटेवर बाभळीच्या फांद्या आणून पसरल्या. "अंधारात आयच्या पायात काटा गेला. मोडला आतच. पाय सुजून भोपळा झाला, तरी सांगंना. का, तर सांगायचं कसं, कुठं गेली हुती म्हणून? मग दवाखान्यात न्यावं लागलं, दोन बोटं काढली. तितं मी पहिल्यांदा नर्स बघितली. पांढरीफेक, आन डॉक्टरवर वरडत हुती. म्हटलं, आपण हेच व्हायचं." एवढं सांगून त्यांनी माझ्या पुढ्यातल्या शेंगा बघितल्या आणि मी फार दाणे फोडते म्हणून मला झापलं.

कवठे महांकाळच्या दवाखान्यात त्या नव्या रुजू झाल्या तेव्हा तिथं एकच बरा संडास होता आणि त्याला कुलूप होतं. किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या खिशात. बाळंतपणाला आलेल्या बायका मागच्या माळावर जायच्या. एका बाईचे दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या, आणि ती पोट धरून माळाकडे निघालेली सिस्टरांना दिसली. त्यांनी ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायचा पाना घेतला आणि कुलूप तोडलं. मग ते तुटकं कुलूप स्वच्छ धुऊन, पुसून, ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये ठेवून डॉक्टरांच्या टेबलावर नेलं. "सर, ह्याचं ऑपरेशन झालं. पेशंट गेला," असं त्या म्हणाल्या म्हणे. चौकशी लागली, बदलीची धमकी आली, पण पुन्हा कुलूप काही लागलं नाही. ही गोष्ट सांगताना त्या कधी हसायच्या नाहीत. मला मात्र दर वेळी हसू यायचं.

आता भाऊसाहेबांचं सांगायला हवं, कारण पाणी गळलं ते त्यांच्याकडे. माणूस सज्जन, हळू बोलणारा, कुणाच्या मयताला सगळ्यात आधी पोचणारा. वास्तुशास्त्राचा मात्र जबरदस्त नाद. घराचा ईशान्य कोपरा देवाचा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि बिल्डरनं नेमका त्याच कोपऱ्यात एक संडास काढलेला. भाऊसाहेबांनी तो बंद केला, भांडं उखडलं, संगमरवर घातला आणि तिथं देवघर केलं. वरच्या मजल्यावर त्याच जागी संडासच आहे हे त्यांनाही दिसत होतं. पण तेव्हा वरचा फ्लॅट रिकामा होता, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. पुढे तिथं सिस्टर आल्या.

श्रावणात देवघराच्या छताला ओल आली. आधी पिवळट डाग, मग थेंब. भाऊसाहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर डागाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'वरच्या संडासाचं पाणी देवांवर पडत आहे. संबंधितांनी कृपया दखल घ्यावी.' संबंधित कोण ते सगळ्यांना कळत होतं. रविवारी खाली पार्किंगमध्ये बैठक बसली. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मग एक गृहस्थ, नाव कशाला घेऊ, खुर्चीतल्या खुर्चीत म्हणाले, "बिल्डरनं विकतानाच बघायला पाहिजे होतं. कोण येतंय, काय."

मीच ओरडले, "म्हणजे काय हो?" तर ते म्हणाले, "अहो, मी जनरल बोललो."

सिस्टर उभ्या राहिल्या. "माझ्याकडं कुठं ओल न्हाई. आन असलं, तरी फ्लशचं पाणी ते टाकीतलं. गच्चीवरच्या टाकीतनं तुमच्या पिण्याच्या माठात येतंय ना, तेच. देवाला चालंल की."

भाऊसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चिडू नका सिस्टर. पाणी तेच असेल. पण आलंय कुठनं, ते बघायला नको का?"

कवठे महांकाळच्या डॉक्टरला गप्प करणाऱ्या सिस्टर यावर वळून जिन्याकडे निघाल्या. जिना चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. घरात गेल्यावर म्हणाल्या, "बाई, पेन्शन खाऊन मी हितं सुखानं मरायला आले. ह्या घरातनं माझी तिरडी निघूदे, चालंल. पर 'हिच्यामुळं देव बाटलं' म्हणून मला कुणी बाहेर काढलं, तर मी काय करू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला इतका संताप आला की मी ग्रुपच सोडला. त्यानं काय होणार होतं म्हणा.

त्यांनी इथल्या कुणाच्या ओळखीचा नको म्हणून मिरजेहून एक प्लंबर आणवला. त्यानं फरशीवर टिचक्या मारल्या, सिमेंटनं घट्ट बसलेली बटणांची पाटी हलवून बघितली, हलली नाही, आणि सांगितलं, "मावशी, भिंत फोडाय लागंल. टाकी आत हाय." सिस्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. भिंतीवर पहिला घाव बसला की खाली कळणार, मग वर बघायला माणसं येणार, आणि ज्या जागेचा त्यांना एवढा अभिमान, तिथं उभी राहून नाकाला रुमाल लावणार. हे त्यांना सोसणारं नव्हतं.

मग त्यांनी एक केलं. संडासात येणाऱ्या पाण्याचा कॉकच बंद करून टाकला. दोनतीन दिवसांत खालचा डाग सुकायला लागला. योगायोग असा, की भाऊसाहेबांनी त्याच आठवड्यात गुरुजी बोलावून घरात शांत करून घेतली होती. थेंब थांबल्यावर ते स्वतः प्रसादाचा शिरा घेऊन वर आले. दोन्ही हातांनी ताटली आणली आणि सिस्टरांच्या हातात न देता चपलांच्या कपाटावर ठेवली.

"देवानं ऐकलं, सिस्टर. गैरसमज झाला असला तर पोटात घाला."

ते गेल्यावर सिस्टर मला घरात ओढून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्या कॉक फिरवला आन ह्यांचा देव पावला! बाई, शांत माझ्या नावानं लागू झाली." शिरा मात्र त्यांनी खाल्ला नाही, मलाही खाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी ताटली घासून, त्यात साखर घालून खाली पाठवली, ती माझ्या हातून.

कॉक बंद झाला म्हणजे संडासातलं सगळंच पाणी बंद. फ्लश नाही, नळी नाही. पलीकडच्या न्हाणीतून बादली भरून न्यायची. जन्मभर पेशंट उचलून पाठीचे मणके गेलेले, गुडघ्यांत वात. तरी त्या बादल्या ओढत राहिल्या. माझ्याकडे येत जा म्हटलं तर, "तुमच्याकडं माझं येणं बघून कुणी तरी इचारंल." भाचा साताऱ्याला असतो, त्याला सांगते म्हटलं तर, "सांगून बघा, तोंड बघणार न्हाई तुमचं." दुसरा प्लंबर आणू म्हटलं की, "आणि एकदा तेच ऐकायचं? भिंत फोडा?" माझा नाइलाज झाला. दिवाळी गेली, थंडी गेली. घरी आलेल्या पाहुण्याला आता त्या संडास दाखवत नसत. दार लोटलेलं असायचं.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी धप्पकन आवाज झाला. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं तर न्हाणी आणि संडास यांच्या मधल्या वाटेत सिस्टर आडव्या, बादली उपडी, आणि पाणी सगळीकडे. पाय भलत्याच दिशेला वळला होता. मी त्यांच्याजवळ बसायला गेले तर त्यांनी मला ढकललं.

"आधी पुसून घ्या. पुसा आधी. खाली उतरंल."

मी पुसलं. खुबा मोडलेल्या बाईला तशीच ठेवून मी टॉवेल घेऊन फरशी पुसली, कारण त्याशिवाय त्या मला अंगाला हात लावू देईनात. मग हाका मारल्या. खाली धरून न्यायला सगळ्यात पुढे भाऊसाहेबच होते, हेही सांगायला हवं.

ऑपरेशन झालं. भाचा सुधीर आणि त्याची बायको रोहिणी आले आणि आत्याला साताऱ्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले होते, वय आहे, उभ्या राहतील न राहतील. मी इकडे दुसरा प्लंबर बोलावला, आता मला कोण अडवणार होतं? त्यानं पात्यानं पाटीच्या भोवतीचं पांढरं सिमेंट खरवडलं, पाटी धरून ओढली, आणि ती निघून हातात आली. आत टाकीला पाणी येतं तिथलं रबरी वायसर झिजलेलं होतं, तिथून पाणी भिंतीत पाझरत होतं. त्यानं नवं बसवलं. चहा उकळेपर्यंत काम संपलं. मी त्या पांढऱ्या खोलीत उभी राहून बटण दाबलं आणि मोठमोठ्यानं रडले.

हे सांगायला मी साताऱ्याला गेले. सुधीरचं घर किल्ल्याच्या बाजूच्या चढावर, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. संडास मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून, खाली बसायचा. सिस्टर खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. इतक्या वाळलेल्या की मी क्षणभर दारातच थांबले.

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"भिंत?" त्यांनी विचारलं.

"शाबूत आहे. एक फरशी हलली नाही. ती पाटीच निघते सिस्टर, भोवतीचं सिमेंट काढलं की."

"ते मीच घालायला लावलं हुतं," म्हणाल्या. मग, "खाली कळलं?"

"नाही."

"मग झालं."

रोहिणीनं मला चहासाठी म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी तरी सांगा त्यास्नी. पाणी पीत न्हाईत. औषधापुरता घोट घेत्यात. पाणी पेलं की भांडं मागावं लागतंय, म्हणून. मी मायेनं करते हो, मला किळस न्हाई. आत्या म्हणत्यात, तुला नसंल, मला हाय." ती रडायला लागली. जन्म वॉर्डात काढलेल्या बाईला पाणी न पिण्याचं पुढं काय होतं, हे कुणी समजावून सांगायला हवं होतं का?

तरी मी बाहेर जाऊन पाण्याचा ग्लास त्यांच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, "हा संपल्याशिवाय मी हलणार नाही." त्या म्हणाल्या, "तुमी समोर बसला की गिळवत न्हाई. जावा, चपला घाला, मी पिते." आवाजात जुना दरारा होता, म्हणून मला बरं वाटलं. मी अंगणात आले. चप्पल घालायला वाकले तेव्हा खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. त्यानं ग्लास सावकाश कलता केला, पाणी आवाज न करता भिंतीवरून खाली सोडलं, आणि हात आत गेला.

आतून रोहिणीचा आनंदानं भरलेला आवाज आला, "अगं बया, सगळा पेल्या की आत्या!"

मी परत आत गेले आणि रोहिणीला खरं काय ते सांगितलं. सिस्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. रोहिणीनं ग्लास पुन्हा भरला, कॉटवर बसली आणि त्यांचं डोकं हातावर घेऊन तो त्यांच्या ओठांना लावला. ओठ त्यांनी घट्ट मिटून घेतले होते, आणि पाणी हनुवटीवरून उशीवर उतरत होतं.